सफारीचं बुकिंग मिळालं नाही तर

२६ जानेवारी शुक्रवारी आली की चंद्रपूरकरांकडे पाहुणे येणार हे जवळजवळ ठरलेलं. आठवडाभर आधी फोन येतो तो तब्येतीची चौकशी करायला नसतो. ‘ताडोबाचं काही जमेल का?’ नाही जमत. जोडून सुट्ट्या आल्या की मोहर्लीपासून कोलाऱ्यापर्यंत सगळ्या गेटांचं ऑनलाइन बुकिंग कधीच संपलेलं असतं. पण चंद्रपुरात राहणाऱ्या प्रत्येकाची वनखात्यात ओळख असते, असा बाहेर पक्का समज आहे. पुण्याचा मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आली तेव्हा मी पहिल्याच चहाला सांगून टाकलं: वाघ नाही, बाकी सगळं दाखवतो.

‘बाकी काय आहे इथं?’ वहिनींनी विचारलं. प्रश्न सरळ होता, राग धरण्यासारखा नव्हता. चंद्रपूर म्हणजे वाघ, कोळसा, २९२० मेगावॅटचं वीजकेंद्र आणि मे महिन्यातला पारा, एवढंच बाहेर पोचलेलं असतं. गडचिरोलीबद्दल तर त्याहून कमी आणि त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांना परकोटावर नेलं. शहराभोवतीचा हा सुमारे ११ किलोमीटरचा दगडी तट, त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. खिडक्या म्हणजे खरं तर लहान दरवाजेच: बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर. आम्ही रोज स्कूटर घेऊन जटपुरा गेटातून जातो, हॉर्न वाजवतो, वर मान करून बघत नाही. पुतणीने मात्र आल्याआल्या वर बघितलं. ‘काका, हा सिंह हत्तीला का धरतोय?’ दरवाजांवर कोरलेलं ते गोंड राजांचं राजचिन्ह. पाहुणे आले की आपल्या गावाकडे लक्ष जातं, हा त्यांचा एक फायदा.

या तटाची गोष्ट इथे घरोघरी सांगतात. खांडक्या बल्लाळशाहाची राजधानी वर्धेच्या काठी बल्लारपूरला होती. त्याच्या अंगावर गाठी आणि फोड होते, काही केल्या जात नव्हते. शिकारीला फिरताना झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्याला पाण्याचा झरा लागला. त्या पाण्याने त्वचा निवळली. पुढे तिथेच एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. राणी शहाणी होती; म्हणाली, ही भूमी लहानाला बळ देणारी आहे, ससा जसा धावला तसा तट बांधा. झऱ्याच्या जागी अंचलेश्वराचं देऊळ आहे. दंतकथा दंतकथेच्या जागी. पण तट खरंच वेडावाकडा धावतो. मला विचाराल तर त्याला सशापेक्षा इरई आणि झरपट या दोन नद्या जास्त कारणीभूत असाव्यात. अजूनही मोठ्या पावसात इरईचं पाणी पठाणपुरा दरवाजापर्यंत येतं.

तटावरून आज चालता येतं याचं श्रेय शहरातल्या तरुणांना. कित्येक वर्षं बुरुजांवर झाडंझुडपं माजली होती, कचरा साचला होता. २०१७च्या मार्चमध्ये इको-प्रो संस्थेच्या पोरांनी हातात कुदळ-फावडं घेऊन रोज सकाळी सफाई सुरू केली. पंतप्रधानांनी त्याच वर्षी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतल्यावर इथल्याही अनेकांना कळलं की आपल्याकडे किल्ला आहे.

अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली सगळ्यात भव्य बीरशहाची. ती राणी हिराईने बांधली. महाकालीचं मंदिरही तिचंच. नवऱ्याचा खून झाल्यावर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिने दत्तक मुलाच्या, रामशहाच्या नावाने राज्य चालवलं. राजांनी राण्यांसाठी बांधलेलं खूप ऐकतो आपण. इथे उलट आहे, आणि त्याची कुठे फारशी जाहिरात नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेड-मराठवाड्याकडून लोक लोटतात, त्यातल्या किती जणांना हिराई ठाऊक असेल कोण जाणे. १७५१मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य संपवलं, शेवटचा राजा नीलकंठशहा कैदेत गेला. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफा आल्या.

तुरुंगाकडे मी मुद्दाम वळलो. मोलमपल्लीचा गोंड जमीनदार बाबुराव पुल्लेसूर शेडमाके याला २१ ऑक्टोबर १८५८ला याच आवारात पिंपळावर फाशी दिलं. वय पंचवीस. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस त्याच्या माणसांनी प्राणहितेच्या काठी तारयंत्राच्या छावणीवर हल्ला करून दोन इंग्रज कर्मचारी मारले होते. सत्तावन्नचा उठाव आपण मीरत, कानपूर, झाशीत शिकतो. तो वर्षभराने या रानात पेटला, आणि हल्ला झाला तो तारेवर. सरकारचं लष्कर तारेमुळे कुठून कुठे हलतं हे रानातल्या माणसाला कळलं होतं असं मला वाटतं. बाबुरावला पकडून दिलं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी. हा भाग भाषणांत बहुधा गाळतात.

दुपारी मार्कंड्याला निघालो. मूलच्या रस्त्याला शहर सुटलं की जंगल लागतं, चिचपल्लीला बांबू संशोधन केंद्राची पाटी दिसते, आणि मूल आलं की सगळं बदलतं: भाताच्या बांध्या, राईस मिल, आणि गावागावाला तळं. ही तळी आपोआप झालेली नाहीत. जो जंगल साफ करील त्याला जमीन आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढं शेत, असं गोंड राजांचं धोरण होतं. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले हेच ‘मामा तलाव’, माजी मालगुजारी. मावसभाऊ इंजिनिअर, त्याला देवळापेक्षा तळ्यांतच गोडी वाटली. ‘म्हणजे हे जंगल नव्हतंच, राज्य होतं,’ तो म्हणाला. मला सकाळपासून हेच सांगायचं होतं. ताडोबातही कच्च्या रस्त्याच्या कडेला गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. ताडोबा हे नावच वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाचं. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी तिथे पूजेला येत आले आहेत. राष्ट्रीय उद्यान झालं ते १९५५ला. माणसं त्याच्या फार आधीची.

वैनगंगा ओलांडून चामोर्शीच्या बाजूला मार्कंडा. नदी इथे वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून तीर्थ. नवव्या ते बाराव्या शतकातला हा देवळांचा पुंजका बघून अलेक्झांडर कनिंगहॅम चकित झाला होता. इकडचे लोक त्याला ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणतात, जे मला आवडत नाही. मार्कंड्याला मार्कंडा म्हणून काय कमी आहे? वीज पडून मुख्य शिखराचा वरचा भाग केव्हाच ढासळला होता. गेली कित्येक वर्षं पुरातत्त्व खात्याचं दुरुस्तीचं काम चालू आहे आणि त्याच्या रेंगाळण्याबद्दल गावात चांगलंच बोललं जातं. वहिनी भिंतीवरच्या सुरसुंदरींपुढे इतका वेळ रमल्या की सूर्य नदीपलीकडे गेला. एका आजोबांनी विचारलं, ‘महाशिवरात्रीले काहून नाई आले जी? तवा पाय ठेवाले जागा नसते.’ मी म्हटलं, म्हणूनच.

परतीच्या वाटेवर नाटक. जानेवारी हा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भातपट्ट्याच्या रंगभूमीचा ऐन हंगाम. दिवाळीनंतर धान घरात आलं की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा भरायला लागतात ते होळीपर्यंत. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, ही जुनी जोडी. आम्ही थांबलो त्या गावात मंडपात माणूस मावत नव्हता. लेकुरवाळ्या बाया घोंगड्या-चटया अंथरून बसलेल्या, मागे आलूबोंड्याची कढई, पुढे वादकांचा ताफा. पडदा उघडायला दहा वाजून गेले आणि संपलं तेव्हा तांबडं फुटायचंच बाकी होतं. हुंड्याचा प्रश्न, खलनायक, मधेच लावणी, मग आईचा टाहो. पुण्यात प्रायोगिक नाटकं बघणारी पुतणी पहिला अर्धा तास हसू दाबत होती. नंतर रुमाल शोधत होती. इथे प्रेक्षक नटाला थेट उत्तर देतात आणि नटही थांबून ते घेतो. याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या नाट्यवर्तुळांत ‘हे कोण?’ असा प्रश्न पडला असेल तर नवल नाही. ज्या मराठी नाटकाला प्रेक्षक नाही म्हणून परिसंवाद होतात, ते नाटक इकडे रात्रभर चालतं, तेही तिकीट लावून.

रविवारी झोप अर्धवट, तरी आलापल्ली. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आणि मग सागाचं खरं राज्य. आष्टीच्या खाली चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि प्राणहिता होते. या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक किती, ते सांगायला नको. आमच्या काचेवर लाल धुळीचा थर बसला होता. त्याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना डायनोसॉरची हाडं सापडली. तो बारापासॉरस आज कोलकात्यात उभा आहे. सिरोंच्याजवळचं वडधमचं जीवाश्म उद्यान पाहायचं तर आणखी एक सुट्टी हवी.

आलापल्लीपुढे भामरागडच्या वाटेला ‘वनवैभव’ आहे. सहा हेक्टरांचा तुकडा, ज्यात पडलेलं झाडही उचलत नाहीत. २०१४मध्ये तो महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. शेजारच्या रानातला साग मात्र भरपूर उचलला गेला आहे, इंग्रजांपासून. २०२३मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी इथलं लाकूड बल्लारपूरहून मिरवणुकीने गेलं. नव्या संसद भवनातही ते आहे. पुतणीने विचारलं, मग या झाडांचे पैसे कोणाला मिळाले? वनखात्याला. इथल्या गावांना काय मिळालं, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

एका गावाने ते स्वतः काढून दाखवलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं, देशातल्या पहिल्या गावांपैकी. कागदावर हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. ग्रामसभा अडून बसली. शेवटी २०११च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पाहुण्यांनी बघायला जावं असं तिथे काही नाही. देऊळ नाही, गेट नाही, तिकीट नाही. ग्रामसभेचा दिवस असेल आणि त्यांनी बसू दिलं तर ऐकायला मात्र पुष्कळ आहे. निर्णय सर्वसहमतीने होतो, बहुमताने नाही, त्यामुळे सभेला वेळ लागतो. दोन दिवसांच्या सुट्टीत ते बसत नाही.