गांव वसविण्याचा खेळ

वडील माणसांनीं मुलांच्या खेळावर टीका करावी आणि मुलांनीं ती मुकाट्यानें ऐकून घ्यावी, ही रीत पुरातन आहे. आमच्या लहानपणीं विटीदांडू व भोंवरा यांच्यावर हा प्रसंग येई. आतां तो मोबाइलवरील खेळांवर येतो. आम्हींही ही रीत पुष्कळ वर्षें निष्ठेनें पाळली. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत अशी एक गोष्ट घडली कीं, टीका करण्याच्या आमच्या अधिकाराविषयीं आम्हांलाच शंका वाटूं लागली. ती गोष्ट येथें सांगावी असें मनांत आहे. तींत आमची फारशी शोभा नाहीं. तथापि विद्यार्थिमित्रांना तिच्यापासून कांहीं लाभ होईल, व त्यांच्या पालकांना कदाचित् अधिक होईल.

आमचा पुतण्या आठवींत शिकतो. अभ्यास आटोपल्यावर रोज तासभर मोबाइल हातीं घेण्याची त्याला परवानगी आहे. तेवढ्या वेळांत तो गांव वसवितो. खेळाचें नांव ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’. फिनलंड देशांतील हेलसिंकी शहरच्या सुपरसेल कंपनीनें तो २०१२ सालीं काढला. खेळणाऱ्याला आरंभीं मोकळें माळरान व मोजके कारागीर मिळतात. सोन्याच्या खाणी उघडाव्या, जादूचा रस सांठविण्यास टाक्या बांधाव्या, तोफा बसवाव्या, सभोंवार तट उभारावा, चेटके व राक्षस यांची फौज पदरीं ठेवावी, असा तो अद्भुत कारभार आहे. लहान इमारत थोड्या वेळांत उठते. मोठीला दिवसच्या दिवस लागतात, आणि तोंवर तो कारागीर दुसऱ्या कामास मिळत नाहीं. तट मात्र सोनें मोजतांच क्षणांत पुरा होतो. आपण निजलों असतां दुसरा कोणी खेळाडू येऊन गांव लुटूनही जातो.

एकदां पुतण्याचें गांव असेंच रातोरात लुटलें गेलें. तो रडला नाहीं. कागद घेऊन बसला, आणि भांडार बाहेरच्या अंगास ठेवल्यामुळें घात झाला असें त्यानें ठरविलें. दुसऱ्या दिवशीं भांडार तटाच्या आंत आलें. हें सारें आम्ही पाहत होतों, तरी रोज त्याला म्हणत असूं, “अरे, नसत्या गांवाची एवढी चिंता कशाला? तेवढा वेळ भूगोलाला दे.”

नगर वसविण्याच्या एका प्रसिद्ध खेळाचा जन्म मोठ्या मौजेनें झाला, हें आम्हांला त्यानेंच सांगितलें. अमेरिकेंतील विल राइट यांनीं १९८४ सालीं हेलिकॉप्टरांतून बेटांवर बाँब टाकण्याचा खेळ तयार केला. तो करतांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बेटें उद्ध्वस्त करण्यापेक्षां त्यांवर रस्ते व इमारती मांडण्यांतच आपल्याला अधिक गोडी वाटते. त्या गोडींतून पुढें १९८९ सालीं ‘सिमसिटी’ हा नगररचनेचा खेळ निघाला. मोडण्यापेक्षां मांडण्यांत मनाला अधिक सुख होतें, ही गोष्ट खेळांतूनही कळूं शकते, हें त्या वेळीं आम्हीं ऐकलें आणि सोडून दिलें.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळीं आमच्या मातोश्री नातवाच्या शेजारीं येऊन बसल्या. चष्मा पुसून त्यांनीं पडद्यावरचें गांव न्याहाळलें. सोन्याची खाण पाहिली, तोफ पाहिली, इकडून तिकडे धांवणारीं माणसें पाहिलीं. मग त्यांनीं विचारलें, “रे झिला, ह्या गावात बाव खंय आसा?”

“आजी, ह्येच्यात पाणी लागणा नाय.”

“पाणी लागणा नाय? मगे हो गाव कसलो?”

बाव म्हणजे विहीर, हें आमच्या भागांतील वाचकांना सांगावयास नको. आम्ही सर्व हंसलों. पुतण्या मात्र हंसला नाहीं.

भाऊबीज झाल्यावर आम्ही त्याला घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलों. मालवणच्या धक्क्यावरून होडीनें थोड्याच वेळांत कुरटे बेट येतें. या बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवाजी महाराजांनीं किल्ल्याचा पाया घातला. त्या प्रसंगीं जेथें पूजन झालें, तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावर आजही दाखवितात. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखालीं सुमारें तीन वर्षें काम चाललें. तटाची लांबी सुमारें ३ किलोमीटर, उंची ३० फूट व रुंदी १२ फूट आहे. पायाचे दगड शिसें ओतून बसविले, असें सांगतात. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हाही आहे. हें सारें आम्ही मोठ्या अभिमानानें सांगत होतों. मनांत हेतु असा कीं, खरा तट सोनें मोजून क्षणांत होत नसतो, हें चिरंजीवांना कळावें.

तें त्याला कळलेंच असावें; पण तो तटापाशीं फार वेळ थांबला नाहीं. तो थांबला विहिरींपाशीं. दूधबाव, साखरबाव व दहीबाव अशा तीन विहिरी किल्ल्यांत आहेत. चोहोंकडे खारा समुद्र, आणि मधें हें गोडें पाणी! त्यानें वांकून आंत पाहिलें व विचारलें, “काका, आधीं तट बांधला, कीं आधीं पाणी पाहिलें?”

आम्हीं म्हटलें, “पाणी नसतें तर एवढे कामकरी येथें राहिले असते कसे? आधीं पाणीच पाहिलें असलें पाहिजे.” हें बोलतांना आम्हांलाही प्रथमच उमगलें कीं, तटामुळें शत्रु बाहेर राहतो खरा, परंतु आंतला मनुष्य आंत राहतो तो विहिरीमुळें.

परततांना होडींत तो बराच वेळ गप्प होता. धक्का जवळ आला तेव्हां म्हणाला, “काका, आपल्या व्हाळावर हल्लीं बंधारा कां घालत नाहींत?”

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या वाडीच्या वरच्या अंगानें एक व्हाळ वाहतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तरी फाल्गुन सरतांना विहिरींचे तळ दिसूं लागतात. जमीन उतरती आणि जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळें पडलेलें पाणी बघतां बघतां व्हाळांतून खाडीस व खाडींतून समुद्रास मिळतें. म्हणून पाऊस संपला पण व्हाळ अजून वाहता आहे, अशा दिवसांत त्याला आडवा कच्चा बंधारा घालावयाचा. रिकाम्या गोणींत वाळू व माती भरून त्या विटांप्रमाणें सांधा चुकवून रचावयाच्या आणि फटींत चिखल दाबावयाचा. मागें पाणी तुंबतें, जमिनींत मुरतें व खालच्या विहिरी अधिक दिवस तग धरतात. पावसाळ्यापूर्वीं बंधारा काढावयाचा आणि पुढील सालीं पुन्हां नवा घालावयाचा.

पूर्वीं वाडींतील प्रत्येक घरांतून एक मनुष्य या कामास येई. पुढें तरुण मंडळी मुंबईस गेली, कित्येक घरांना कुलपें लागलीं. राहिलेल्यांपैकीं ज्यांनीं पुढाकार घ्यावयाचा, त्यांत आम्ही एक होतों. पहिल्या वर्षीं आम्हांला ताप आला होता. तो खरा होता. दुसऱ्या वर्षीं तालुक्याच्या गांवीं काम होतें. तें दुसऱ्या दिवशींही झालें असतें. तिसऱ्या वर्षीं आम्हांला कोणी बोलावलेंच नाहीं, व आम्हांला त्याचें बरें वाटलें. गेल्या वैशाखांत मातोश्री व वहिनी पहाटे चार वाजतां उठून विहिरीवर जात, कारण झऱ्याचें पाणी सांचावयास वेळ लागे. त्यांची कळशी कांठावर टेकल्याचा आवाज आम्हीं अंथरुणांत पडून ऐकलेला आहे.

यांतील एकही गोष्ट आम्हीं पुतण्याला सांगितली नाहीं. “माणसें मिळत नाहींत,” एवढेंच म्हटलें.

त्यावर त्यानें विचारलें, “किती लागतात?”

हा प्रश्न तो आपल्या खेळांत शिकला होता. कारागीर किती, सामान किती, वेळ किती, हें मोजल्यावांचून तेथें एक भिंतही उठत नाहीं. आम्हीं तीन वर्षें ‘माणसें मिळत नाहींत’ असें म्हणत काढलीं. पण किती हवींत, हें कधीं मोजलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं त्यानें दोरीनें व्हाळ मोजला. रुंदी १८ फूट भरली. तीन फूट उंचीस सुमारें १२५ गोण्या लागतील असा हिशेब झाला. पहिल्या रविवारीं सात माणसें जमलीं: दोन वृद्ध गृहस्थ, वहिनी, शेजारच्या दोन मुली, पुतण्या आणि आम्ही. सायंकाळपर्यंत निम्मा बंधारा उभा राहिला. आम्हांला फार धन्यता वाटली. सोमवारीं सकाळीं जाऊन पाहतों तों डावी बाजू खचली होती व वीसएक गोण्या प्रवाहांत पडल्या होत्या.

खेळांतलें गांव लुटलें गेलें असतां पुतण्याच्या मुद्रेवर जो विचार दिसे, तोच आतां दिसला. पण रात्रभर ठणकणारे हात या वेळीं त्याचे स्वतःचे होते. वृद्धांपैकीं एकांनीं काठीनें तळ टोंचून दाखविला व सांगितलें, “वाळवेर रचलास, म्हणान गेलो. खाली कातळ गावासर खणूक व्हया.” पायाखालची वाळू आम्हीं काढली नव्हती. पाणी खालून शिरलें होतें.

दुसऱ्या रविवारीं त्याच्या वर्गांतील चार मुलें आलीं. एकंदर अकरा जण झालों. कातळ उघडा करून पहिल्या थरापासून पुन्हां रचना केली. दिवस मावळतांना पाणी बंधाऱ्याच्या माथ्यावरून वाहूं लागलें. मातोश्री कांठावर बसल्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. ओंजळभर पाणी घेऊन त्यांनीं डोळ्यांना लावलें.

आतां फाल्गुन लागला आहे. गेल्या वर्षीं या दिवसांत कळशी बुडावयास जितका दोर सोडावा लागे, त्याहून यंदा अडीच हात कमी लागतो, असें वहिनी सांगतात. वैशाखांत काय होईल तें आज सांगतां येत नाहीं. एका बंधाऱ्यानें कुलूपबंद घरें उघडत नाहींत, हेंही आम्ही जाणतों.

पुतण्या अद्याप तो खेळ रोज तासभर खेळतो. त्याच्या गांवाच्या मध्यभागीं त्यानें एक चौकोनी जागा सर्व बाजूंनीं तट घालून मोकळी ठेविली आहे. मातोश्रींनीं विचारलें, “ही जागा रिकामी कित्याक?” तो म्हणाला, “ती बावीची.”

विद्यार्थिमित्रहो, खेळांत गांव वसवीत असाल तर अवश्य वसवा. मात्र ‘किती लागतात?’ हा प्रश्न खेळांतच ठेवून उठूं नका. पालकांस आम्ही काय सांगावें! आम्हींच स्वतःला एवढें बजावून ठेविलें आहे कीं, येत्या कार्तिकांत कोणीं बोलावण्याची वाट पाहावयाची नाहीं. पहिली गोणी आपण न्यावयाची.