कोळ्याचं जाळं

माझा भाचा न्यू जर्सीचा. दर दोन वर्षांनी तो आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आठ दिवस काढतो आणि जाताना मला एखादं शास्त्र शिकवून जातो. यंदाचं शास्त्र होतं, अमेरिकन फुटबॉलमधला होतकरू 'कॉर्नरबॅक' तक्त्यावरून कसा ओळखावा. मी बी.कॉम. असल्यामुळे आकडे दाखवले की मामा गप्प बसतो, हे त्याला त्याच्या आईनं सांगितलेलं असावं.

समोरच्या संघाचा एक गडी चेंडू झेलायला सुसाट सुटतो. त्याला तो झेलू न देणं हे कॉर्नरबॅकचं काम. कुठं वळायचं ते पळणाऱ्याला आधीपासून ठाऊक, याला नाही. शिवाय तो पळतो सरळ, आणि हा सुरुवातीला उलट्या पावली. (आमच्या काउंटरवर गिऱ्हाईक काय विचारील ते मलाही ठाऊक नसतं, पण निदान उलटं पळावं लागत नाही.)

दरवर्षी इंडियानापोलिसला कॉलेजची निवडक पोरं जमवून त्यांची मापं घेतात. उंची, वजन, हाताची लांबी, उभी उडी, लांब उडी, ४० यार्ड पळायला लागलेले सेकंद. आणि वीत! अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चक्क वीत मोजतात. आमचा शिंपीसुद्धा इतक्या खोलात जात नाही. मग आजवरच्या कॉर्नरबॅकांत हा पोरगा प्रत्येक मापात शंभरात कितवा ते काढायचं, गोलातल्या आऱ्यांवर ठिपके द्यायचे आणि ते जोडायचे, की झालं कोळ्याचं जाळं. जाळं फुगलेलं असलं तर स्थळ उत्तम. कुठं खड्डा पडला तर तिथं मंगळ.

"पण हा चेंडू अडवतो का रे?" मी विचारलं.

"मामा, ते यात नसतं."

पोरगा प्रामाणिक. त्यानंच मग रिचर्ड शर्मनची गोष्ट सांगितली. पळण्यात बेताचा, म्हणून २०११ साली तो पाचव्या फेरीत १५४ वा निवडला गेला. २०१३ मध्ये साऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे ८ चेंडू त्यानंच पळवले. माल्कम बटलरची तर त्याहून कमाल. २०१४ साली ३२ संघांनी मिळून २५६ पोरं उचलली, त्यात हा नाही. तळलेल्या कोंबडीच्या दुकानात काम केलेला गडी! पण १ फेब्रुवारी २०१५ ला सुपर बोलमध्ये, शेवटची काही सेकंदं उरली असताना, अगदी गोलरेषेवर त्यानं चेंडू हिसकावला आणि सामना फिरवला. हरलेल्या संघात कोण? शर्मन!

"आणि गंमत म्हणजे," भाचा म्हणाला, "जो सगळ्यात चांगला असतो, त्याच्या बाजूला कोणी चेंडू टाकतच नाही. मग त्याच्या नावावर आकडेच कमी दिसतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. गेल्या साली प्रमोशनच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "तुमची ठळक कामगिरी काय?" मी म्हणालो, "एकवीस वर्षांत कॅश कधी शॉर्ट आली नाही." साहेबांनी फॉर्म वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. रकानाच नव्हता. ज्याची तीनदा शॉर्ट आली आणि ज्यानं तिन्ही वेळा रात्री दहापर्यंत बसून ती शोधून काढली, तो आज ऑफिसर आहे. शोधून काढण्याला रकाना होता.

भाच्याला हे सांगितलं तर त्यानं लगेच माझं जाळं काढायला घेतलं. आठ-सत्तावन्नची लोकल पकडणं, नोटा मोजण्याचा वेग, बसल्या जागेवरून उडी. (इथं खड्डा पडला.) शेवटचा आरा 'कॅश शॉर्ट न येणं'.

"यात तू शंभरात कितवा, मामा?"

"बाकीच्या नव्व्याण्णवांचा हिशेब कोणी ठेवलाय?"

तो आरा ठिपक्याविनाच राहिला. भाचा गेल्यावर हिनं तो कागद फ्रिजवर चिकटवला. मला वाटलं, कौतुकानं. परवा बघतो तर त्या रिकाम्या आऱ्यावर गॅसवाल्याचा फोन नंबर.