आगगाडीच्या शेवटल्या डब्यावरून

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक म्हणजे परदेशी वार्ताहरांस दर चार वर्षांनीं लाभणारें अक्षय्य पात्रच होय. बाजा, पताका, आरोळ्या. द्रौपदीच्या थाळीप्रमाणें हवें तितकें वाढून घ्यावें आणि तारेनें मायदेशीं धाडावें! १९४८ सालीं तर हें पात्र चाकांवर फिरत होतें. अध्यक्ष हॅरी ट्रुमन आगगाडीनें देशभर हिंडत होते.

गाडीचा शेवटला डबा 'फर्डिनांड मॅगेलन' या नांवाचा. दर्यावर्द्याचें नांव आगगाडीच्या डब्यास! पोलादी पत्रा व जाड कांचा यांचें चिलखत चढविलेल्या या डब्याचें वजन २,८५,००० पौंड होतें. त्याच्या मागल्या टोकास एक लहानसा सज्जा असे, तेंच व्यासपीठ. आडगांवीं गाडी थांबावी, शाळेतील मुलांनीं बँड वाजवावा, ट्रुमनसाहेबांनीं पांचदहा मिनिटें काँग्रेसवर कोरडे ओढावे, आणि मग 'आमच्या घरच्या मंडळींस भेटणार काय?' असें विचारून पत्नीस बाहेर बोलवावें. 'ही माझी मालकीण!' नंतर कन्या मार्गारेट येई. ती मालकिणीचीही मालकीण! लोक हंसत आहेत तोंच गाडी हले. ज्या घरांत पतिपत्नींनीं परस्परांचें नांव घ्यावयाचें तें उखाण्यांतच, तेथील आजीबाईंनीं हा प्रकार पाहून पदर तोंडाशीं लावला असता.

सिनेटर टाफ्ट यांनीं जूनमध्यें तक्रार केली कीं, अध्यक्ष 'शिटीच्या ठाण्यांवर' काँग्रेसची निंदा करीत फिरतात. शिटीचें ठाणें म्हणजे खूण केल्याखेरीज गाडी जेथें थांबत नाहीं असें क्षुल्लक स्टेशन. डेमोक्रॅटिक पक्षानें तत्काळ वाटेवरील नगराध्यक्षांस तारा केल्या: आपल्या नगरास दिलेलें हें नांव आपणांस मान्य आहे काय? मग काय विचारतां! साऱ्या नगरांचा रोष टाफ्टसाहेबांवर उलटला.

प्रतिपक्षाचे टॉमस ड्यूई हे न्यू यॉर्कचे गव्हर्नर. बोलणें नेटकें, मिशी नेटकी. १२ ऑक्टोबरला इलिनॉय संस्थानांत त्यांचें भाषण चालूं असतां गाडी अकस्मात् श्रोत्यांच्या दिशेनें मागें सरकली. इजा कोणासही झाली नाहीं. परंतु हा वेडा ड्रायव्हर खरें म्हणजे पहांटे गोळी घालण्याच्या लायकीचा, अशा अर्थाचे उद्गार साहेबांच्या तोंडून गेले. कामकरी वर्गांत ते उद्गार गाडीहून वेगानें धांवले.

तथापि 'न्यूजवीक'नें पन्नास राजकीय लेखकांस विचारलें तेव्हां पन्नासांनींही ड्यूईच जिंकणार म्हणून सांगितलें. 'मँचेस्टर गार्डियन'चे वार्ताहर अ‍ॅलिस्टर कुक जन्मानें इंग्रज, लेखणी मोठी मिस्कील. मतदानाच्या आदल्या दिवशीं, १ नोव्हेंबरला, त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मथळा 'हॅरी एस्. ट्रुमन: एका अपयशाचा अभ्यास'. जिवंतपणींच मृत्युलेख!

या विद्वानांची दृष्टि सज्ज्यावरील गृहस्थावर खिळली होती. रुळांशेजारीं उभा असलेला शेतकरी त्यांनीं फारसा पाहिला नाहीं. त्या वर्षीं मका उदंड पिकला आणि भाव उतरले. सरकारी आधारभावानें कर्ज मिळावयाचें तर धान्य योग्य कोठारांत सांठविलें पाहिजे. आणि सरकारनें अशीं नवीं कोठारें मिळवूं नयेत असें बंधन काँग्रेसनें जूनमध्येंच घातलें होतें. म्हणजे पीक जितकें अधिक तितकी विवंचना अधिक. १८ सप्टेंबरला आयोवांतील डेक्स्टर येथें नांगरणीच्या राष्ट्रीय स्पर्धेस हजारों शेतकरी जमले असतां ट्रुमननीं नेमकें हेंच काढलें. त्यांनीं स्वतः तरुणपणीं मिसूरींत वर्षानुवर्षें शेती केलेली. सरी सरळ कशी धरावी हें त्यांस ठाऊक होतें. श्रोत्यांस तेथें करमणुकीपलीकडचें कांहीं मिळालें, तें तारेनें धाडण्याजोगें कोणास वाटलें नसावें.

२ नोव्हेंबरला मतदान झालें. 'शिकागो ट्रिब्यून'चे जुळारी संपावर असल्यामुळें अंक लवकर छापावा लागला, आणि पूर्ण निकाल हातीं येण्यापूर्वींच 'ड्यूईकडून ट्रुमनचा पराभव' हा मथळा रस्त्यावर आला. मतें मोजतां ट्रुमन ३०३, ड्यूई १८९, थर्मंड ३९! चार वर्षांपूर्वीं ड्यूईच्या पारड्यांत पडलेलीं आयोवा, विस्कॉन्सिन व ओहायो हीं संस्थानें ट्रुमनकडे आलीं होतीं. परततांना सेंट लुईच्या स्टेशनांत त्याच सज्ज्यावर उभे राहून ट्रुमननीं तो अंक दोन्ही हातांनीं उंच धरला. तें छायाचित्र जगभर गाजलें.

'वॉशिंग्टन पोस्ट'नें आपल्या इमारतीवर फलक लावला कीं, अध्यक्षमहाराज, आपण वाढाल तेव्हां कावळा खाण्यास आम्ही सिद्ध आहों. आपली चूक मुकाट्यानें गिळणें यास तिकडे कावळा खाणें म्हणतात. आपल्याकडे पिंडास कावळा शिवावा म्हणून तिष्ठत बसतात. तेथें शहाण्यांच्या पानांतच कावळा पडावयाचा होता. ट्रुमननीं मात्र कोणीही कावळा खावा अशी आपली इच्छा नसल्याचें कळविलें.