अपुरे राहिलेले वाक्य

मुलाने प्रगतिपुस्तकावर माझी सही केली होती. आडनावातील ‘ळ’ची गाठ मलाही हेवा वाटावा इतकी साधली होती. शाळेतून फोन आला त्या संध्याकाळी तो माझ्यापुढे उभा राहिला तो कबुलीजबाब पाठ करूनच. चूक झाली, पुन्हा होणार नाही, मोबाइल काढून घ्या. मी त्याला शेवटपर्यंत बोलू दिले. इतकेच नव्हे, मध्ये तो अडखळला तेव्हा “पुन्हा सांग” म्हणालो. वीस वर्षे तोंडी परीक्षा घेतल्याचा हा परिणाम असावा.

त्याच रविवारी संडे स्कूलच्या मुलांना लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय शिकवायचा होता. उधळ्या पुत्राचा दाखला आम्हा ख्रिस्ती घरांत इतक्या वेळा ऐकला जातो, की तो वाचायचे राहूनच जाते. या खेपेस वाचला. डुकरे राखताना मुलगा बापापुढे करायचे निवेदन मनाशी जुळवतो. त्यात पापाची कबुली आहे, पुत्र म्हणवून घेण्याची योग्यता नसल्याची जाणीव आहे, आणि शेवटी, आपल्याला मोलकऱ्यांत ठेवावे अशी विनंती आहे. प्रत्यक्ष भेटीत ही विनंती उच्चारलीच जात नाही. बाप आधीच धावत येऊन त्याच्या गळ्यात पडलेला असतो आणि आता चाकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगू लागतो. याच अध्यायातला मेंढपाळ हरवलेले मेंढरू शोधत जातो, स्त्री नाण्यासाठी घर झाडते. बाप मात्र मुलाच्या शोधात निघत नाही. तो थांबतो. मुलगा दूर असतानाच त्याला दिसतो, यावरून त्याची नजर कुठे लागली असेल ते कळते.

माझ्या वडिलांच्या कपाटामागे निरगुडीचा फोक असे, आणि त्याला नीतिसूत्रांच्या 13व्या अध्यायाचा आधार. तिथल्या छडीसाठी जो हिब्रू शब्द आहे तोच 23व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी येतो. म्हणून ही छडी वाट दाखवण्यापुरतीच, असे काही जण समजावतात. शब्द एकच आहे हे खरे, पण वचनाचा रोख शिक्षेकडेच आहे. ही पळवाट मला पटत नाही. त्यापेक्षा कलस्सैकरांस लिहिताना पौल बापांना बजावतो, की मुलांना इतके चिडवू नका की त्यांचा धीर खचेल, ते मला अधिक जवळचे वाटते. मुलावर आपण कधी हात उगारला नाही, याचा मला अभिमान होता. फोकाचे काम जिभेने चालवले होते, इतकेच.

रात्री त्याच्या खोलीत गेलो. दोन वाक्ये जुळवून नेली होती. पहिले अर्ध्यावर आले तोच तो म्हणाला, “असू द्या हो पप्पा, आई जेवायला बोलावतेय.”

मोबाइल अजून माझ्याच कपाटात आहे. तो केव्हा परत द्यावा, यावर घरात एकमत नाही.