ज्याने उचलला त्याच्या नावावर

डिस्पॅचमधल्या ताईंना फोनच्या अतिवापराबद्दल मेमो मिळाला, आणि त्याला पुरावा म्हणून जोडलेला कागद मी बसवलेल्या यंत्रणेतून निघालेला होता. अजून आठवलं की डोकं फिरतं.

नाशिकजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर, नेटवर्क आणि ज्याला वाली नाही ते सगळं बघतो. ऑपरेटरबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी माणूस घ्यायचा नाही, असं वर ठरलं. जुना ईपीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, थकलाच होता. अ‍ॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारी नवी यंत्रणा आली, टेबलांवर नवे फोन आले. साहेब म्हणाले, “पिकअप ग्रुप करून टाका. जागेवर कुणी नसेल तर शेजारचा उचलेल. ऑपरेटर हवाय कशाला?”

करायला सोपं असतं. प्रत्येक एक्स्टेंशनला दोन गोष्टी सांगायच्या: याचा फोन कोणत्या गटातला, आणि हा कोणत्या गटाचे फोन उचलू शकतो. गटांना 0 ते 63 असे आकडे. बहुतेक जण दोन्हीकडे तोच आकडा टाकून मोकळे होतात, पण ते वेगळे ठेवता येतात. म्हणजे अकाउंट्सने विक्रीचा फोन उचलावा, मात्र पगाराच्या चौकशीचा फोन विक्रीवाल्यांच्या हाती लागू नये, असंही जमतं. शेजारी फोन वाजला की आपल्या फोनवर स्टार आठ दाबायचं, कॉल आपल्याकडे येतो. दोन फोन एकदम वाजत असतील आणि त्यातला नेमका एक हवा असेल, तर आमच्याकडे दोनदा स्टार आणि त्याचा नंबर.

हुकूम होता, गट खात्यांप्रमाणे पाडा. पण स्टार आठ दाबायचं तर आधी फोन ऐकू यायला हवा ना! विक्रीची निम्मी माणसं काचेच्या केबिनमध्ये दार लावून बसतात. ताई मात्र हॉलच्या मधोमध. शेवटी साहेबांनीच फर्मावलं, त्यांना विक्री, खरेदी, स्टोअर्स, सगळे गट द्या. हे काम करायची वेळ कुणावर आली तर माझं ऐका: खात्यांची यादी ड्रॉवरमध्ये टाका आणि हॉलमध्ये फेरी मारा. कुठल्या खुर्चीवर कुठला फोन ऐकू येतो, त्यावरून गट पाडा. आणि एकाच खुर्चीवर सगळे ऐकू येत असतील, तर त्या खुर्चीवरच्या माणसाला आधी विचारा.

मग सुरू झालं. खरेदीच्या काकांचा फोन वाजतोय. काका जागेवर आहेत, पण स्क्रीनवर नंबर दिसतो, आणि नंबर थकलेलं बिल मागणाऱ्या पुरवठादाराचा. काका स्क्रीनकडे बघत स्वस्थ. चौथ्या-पाचव्या रिंगला ताई स्टार आठ दाबणार आणि काकांच्या तोंडाकडे बघत सांगणार, “काका जेवायला गेलेत हो.” दुपारी चार वाजता.

महिन्याचा अहवाल निघाला. आमच्या यंत्रणेत कॉल ज्या एक्स्टेंशनवर उचलला गेला त्याच्या खात्यावर पडतो. साहजिकच ताईंची बोलण्याची मिनिटं बाकीच्यांच्या कितीतरी पट. एचआरने ती ओळ पिवळी केली आणि मेमो काढला: ‘कार्यालयीन वेळेत दूरध्वनीचा अवाजवी वापर.’ शेजारच्याच रकान्यात आलेले कॉल आणि केलेले कॉल वेगळे दिसत होते. ताईंनी स्वतः केलेले जवळपास शून्य. तो रकाना कुणी वाचला नाही. ताई माझ्याकडे आल्या. “सर, मी घरीसुद्धा एक फोन केला नाही हो.” मी प्रत्येक कॉल मुळात कुणासाठी आला होता ती यादी काढली आणि घेऊन गेलो. एचआरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “पण बोलल्या तर त्याच ना?” यावर काय बोलणार? मी आणखी एकदा समजावलं. त्या म्हणाल्या, तो मेमो नाहीच, नुसती समज आहे, फाइलला राहील.

कॅन्सस सिटीच्या अल्मन स्ट्रॉजर या अंत्यविधी व्यावसायिकाची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणे. त्यातून त्याने स्वयंचलित एक्स्चेंजचं यंत्र काढलं. 1891 मध्ये पेटंट मिळालं. मधला माणूस काढून टाकायचा, एवढाच त्याचा हेतू. आम्ही पगारी माणूस काढला आणि तिथे बिनपगारी बसवला.

ताई म्हणाल्या, “मला त्या गटांतून काढा.” काढलं. हॉलभर फोन वाजत राहिले. साहेबांनी विचारलं, यंत्रणेत बिघाड आहे का? खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. वाजू देत, कळू दे एकदा. मग एका संध्याकाळी आमचा ट्रक ई-वे बिलातल्या चुकीपायी वाटेत अडवला गेला. ड्रायव्हर फोन करत राहिला, कुणी उचलला नाही, आणि रात्र त्याने गाडीत काढली. साहेब घरी जेवून झोपले असतील. मजा तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी ताईच म्हणाल्या, “टाका परत.”

मी परत टाकलं नाही, क्यू लावला. पूर्वी मी म्हणायचो, सगळ्यांचे फोन एकदम वाजवले की न्याय होतो. तसं होत नाही. सगळे एकदम वाजले की जो तो दुसऱ्याची वाट बघतो. क्यूमध्ये फोन एकेकाकडे जातो, आणि मागचा कॉल कुणाकडे गेला होता हे यंत्रणा लक्षात ठेवते. आठवडाभर बरं चाललं. मग काकांना ‘डू नॉट डिस्टर्ब’चं बटण सापडलं. आणि जुनी गिऱ्हाइकं आता थेट ताईंचाच नंबर लावतात.

अहवालात मी एक रकाना वाढवलाय: कॉल मुळात कुणासाठी होता. परवा साहेबांनी विचारलं, “हा कशाला? कागद आडवा छापावा लागतो.”