गाजलेला खेळ म्हणजे चांगला खेळ काय?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. त्यामुळे बाहेर गाड्यांचा आवाज चालूच असतो. गेल्या वर्षावासात या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. विहाराच्या पायरीवर बसलेल्या पोरांच्या मोबाईलमधून सुटणाऱ्या गोळ्यांचा.

त्या दिवशी वाचनानंतर कालाम सुत्तावर बोलणे झाले. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की, एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून खरी मानू नका. स्वतः पारखा, कोणाचे हित होते नि कोणाचे अहित होते ते पाहा, मग स्वीकारा. बाहेर येऊन आम्ही पोरांवर डाफरलो, "बंद करा तो भिकार खेळ!" तेव्हा आमचा थोरला शांतपणे म्हणाला, "पप्पा, तुम्ही तो खेळ पाहिलाय का?"

आम्ही निरुत्तर झालो. आत जे ऐकून आलो, तेच पायरीवर विसरलो होतो. त्या रात्री ठरवले की आधी पाहायचे, मग बोलायचे. महिना-दोन महिने आम्ही मुलांच्या शेजारी बसून हे खेळ पाहिले, जमले तसे खेळलो. जगाने ज्यांना डोक्यावर घेतले त्यांतल्या काही खेळांबद्दल आमच्या साध्या बुद्धीला जे वाटले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

सुरुवात लुडोपासून करू. 'लुडो किंग' हा खेळ २०१६ साली नवी मुंबईच्या कंपनीने काढला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोचला. आमच्याही घरी आजीपासून नातीपर्यंत सगळ्या एका मोबाईलवर वाकून बसत. खेळ सोपा, अडाणी माणसालाही समजणारा. त्याने घर एकत्र बसवले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. आमची तक्रार वेगळी आहे. फासा आपण टाकत नाही, यंत्र टाकते. हरलो तरी 'आणखी एकच डाव' असे म्हणत तास निघून जातो. या खेळात पैसे लावायचे नसतात. पण याच्याच रूपावर पैशाचे लुडो निघाले, रमी निघाली आणि कित्येक कष्टकऱ्यांचा पगार त्यात गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. उशिरा का होईना, बरे झाले. आपल्याला मात्र हे नवे नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा तोटे मोजून दाखवले आहेत. जिंकणाऱ्याचा लोक द्वेष करतात, हरणारा धनासाठी झुरतो, हातचे धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात आणि मुलगी कोणी देत नाही. अडीच हजार वर्षांत यातला एकही तोटा कमी झालेला नाही.

दुसरा प्रकार गोळीबाराच्या खेळांचा. शंभर माणसे विमानातून एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो. 'पब्जी' असाच. तो २०२० च्या सप्टेंबरमध्ये आपल्या देशात बंद झाला आणि २०२१ मध्ये नव्या नावाने परत आला. 'फ्री फायर' २०२२ च्या फेब्रुवारीत बंद झाला. तरी असले खेळ पोरांच्या हातून गेले नाहीत. यात एक चांगली गोष्टही आम्हाला दिसली. चौघांची टोळी करून खेळावे लागते. आमच्या पोराच्या टोळीत गावातल्या सगळ्या गल्ल्यांची पोरे होती. आमच्या लहानपणी जी पोरे आमच्याबरोबर विटीदांडू खेळताना घरच्यांची नजर चुकवत, त्यांचे नातू आता "भाऊ, मला वाचव" म्हणून आमच्या पोराला हाक मारतात. हे ऐकून बरे वाटले.

पण एके रात्री मुलांच्या आईचे लक्ष पडद्यावर गेले. तिने विचारले, "हा टायगर कोण रे?" तो म्हणाला, "मीच." "मग आधीचं नाव?" तो गप्प. असल्याच एका खेळात, कोणत्या ते लिहीत नाही, त्याने आपले नाव 'जयभीमवाला' ठेवले होते. एकदा गावची पोरे नव्हती म्हणून तो अनोळखी तिघांबरोबर खेळायला बसला. नाव वाचून एकजण जातीवरून बोलला, दुसरा हसला आणि तिघेही त्याला एकटा टाकून निघून गेले. असे दोन-तीनदा झाल्यावर त्याने नाव बदलले. आम्हाला सांगितले नाही.

सांगणार तरी कसा? त्याच्यापुढे आम्ही तरी कोण? तरुणपणी कामासाठी आम्ही सोलापुरात खोली घेऊन राहत होतो. खोली मिळावी म्हणून घरमालकापुढे आडनाव अर्धवट पुटपुटले होते, आणि बाबासाहेबांचा फोटो दोन वर्षे पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवला होता. भिंतीवर लावला नव्हता. ही गोष्ट आम्ही मुलांना कधीच सांगितली नव्हती. त्या रात्री आम्हाला कळले की पेटी तीच आहे, फक्त आता ती मुलाच्या मोबाईलमध्ये आहे. या खेळांची चित्रे झकास आहेत, वेग झकास आहे, असे जग म्हणते. म्हणो. ज्या खेळात आपल्या पोराला आपले नाव घेऊन उभे राहता येत नाही, तो खेळ आम्ही तरी झकास म्हणणार नाही. अशा बोलण्याची तक्रार करता येते, ती पालकांनी मुलांकडून करवून घ्यावी. त्याहून आधी मुलाला विचारावे की, बाळा, तुझे तिथले नाव काय?

तिसरा खेळ आपल्या महाराष्ट्रातला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. त्या वर्षी परदेशातल्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात पहिल्या प्रयत्नाच्या उत्तम खेळांत त्याला नामांकन मिळाले. पुण्याला पुतण्याकडे गेलो असता तो पाहिला. राजी ही कसरत करणारी पोर, तिचा धाकटा भाऊ बाहुल्या खेळवणारा. असुर भावाला पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. राजस्थानी महाल, रंगवलेल्या भिंती, सगळे डोळ्यांचे पारणे फेडणारे. नायक मुलगी आहे, हे पाहून आमची धाकटी हरखून गेली. आम्हालाही अभिमान वाटला.

तरीही मन खट्टू झाले. कसरत करणारी पोर म्हटली की आपल्याला डोंबाऱ्याची पोर आठवते. दोरीवरून चालते, खाली बाप ढोलके वाजवतो आणि रात्री पाल गावाबाहेर पडते. राजीचे सगळे कसब तिच्या अंगचे, त्या जगण्यातून आलेले. खेळात मात्र तिला त्रिशूळ दुर्गा देते, आणि तिची कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. तिची जात, तिचे पाल, तिची भूक यांचा पत्ता नाही. प्राचीन भारत म्हटला की देव आणि असुर एवढेच उरतात काय? त्याच भारतात बुद्ध चालत फिरले होते, विहार होते, भिक्खुणी होत्या. कंपनीने काय दाखवावे हा तिचा प्रश्न. आपले काय दाखवायचे राहिले, हा आपला.

चौथ्या खेळाने आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावला. थोरल्याने जुना लॅपटॉप घेतला आहे. त्यावर नवे खेळ चालत नाहीत म्हणून तो जुनाच खेळतो, 'सिव्हिलायझेशन'चा चौथा भाग, अमेरिकेत २००५ साली निघालेला. बुद्धीच्या खेळांत त्याचे नाव मोठे. त्याच्या सुरुवातीच्या गाण्याला २०११ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि खेळाच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. यात एक राष्ट्र घेऊन इसवी सनापूर्वी ४००० पासून आजपर्यंत चालवायचे, नगरे वसवायची, विद्या वाढवायची. भारत घेतला तर सम्राट अशोक राजा म्हणून निवडता येतो. ध्यानाची विद्या सर्वांआधी शोधणाऱ्या राष्ट्रात बौद्ध धम्म उदयास येतो. महाबोधीसुद्धा उभारता येते. आमचा ऊर भरून आला.

मग राज्यकारभाराचे पान उघडले. श्रमाची व्यवस्था कशी ठेवायची याचे पाच पर्याय आहेत. टोळी, गुलामगिरी, भूदास, जातिव्यवस्था आणि मुक्ती. आम्ही बोट ठेवून विचारले, "हे काय रे?" तो म्हणाला, "पप्पा, ती फायद्याची आहे. ती घेतली की विद्वान, व्यापारी, कलावंत पाहिजे तेवढे करता येतात. मर्यादाच नाही."

वाचकहो, पुन्हा वाचा. ज्या व्यवस्थेने विद्या मूठभर घरांत कोंडली, ती व्यवस्था या खेळात विद्वानांची संख्या अमर्याद करते! बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. ज्याला जे काम येते ते त्याला करू देत नाही, ते तिचे खरे काम.

कोणी म्हणेल, खेळच तो, त्यात गुलामगिरीही आहे. आहे. पण तिथे गुलामगिरीची किंमत दाखवली आहे. गुलामांकडून काम उरकून घेतले की नगरातली माणसे घटतात आणि उरलेले नाराज होतात. जातिव्यवस्था स्वीकारल्याने कोणी घटत नाही, कोणी नाराज होत नाही. फक्त खजिन्यातून थोडा खर्च जातो. खेळ करणारे काही दुष्ट नसतील. पण गुलामगिरीचा इतिहास त्यांच्या दाराशी घडला, त्यामुळे ती त्यांना ठाऊक होती. जातीचे दुःख त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही. ते पोचवायला त्या खोलीत आपले कोणी नव्हते.

आम्ही हे बोललो तेव्हा थोरला म्हणाला, "मग काय करू? हरू?" प्रश्न रास्त होता. त्याने जातिव्यवस्था न घेता डाव मांडला आणि हरला. पुन्हा मांडला. या वेळी त्याने सगळा जोर लोकशाहीच्या विद्येवर लावला आणि सर्वांआधी 'मुक्ती' स्वीकारली. थोड्या वेळाने त्याने आम्हाला हाक मारली. एका राष्ट्राने मुक्ती दिली की, ज्या राष्ट्रांनी ती दिलेली नाही, तिथली जनता अस्वस्थ होऊ लागते, असा त्या खेळाचा नियम आहे. शेजारच्या राजांची नगरे कुरकुरू लागली होती. पोर हसत होते. आम्हीही हसलो. एवढी एक गोष्ट मात्र त्या खेळाने नेमकी ओळखली आहे. एका तळ्याचे पाणी मोकळे झाले की गावोगावच्या पाणवठ्यांवरची माणसे विचारू लागतात, हे १९२७ च्या महाडने आपल्याला शिकवलेच आहे.

सांगायचे ते थोडक्यात असे. खेळ बंद करून मुले थांबत नाहीत, पायरीवरून उठून दुसऱ्या पायरीवर जातात. आपण शेजारी बसावे आणि प्रत्येक खेळाला तीन प्रश्न विचारावेत. यात कष्ट कोण करतो? किंमत कोण मोजतो? आणि आपण यात कोठे आहोत? जगाने किती तारे दिले हे नंतर पाहावे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोठेच नाही' असे आले, तर निराश होऊ नये. आपल्याच जिल्ह्यात तेर आहे, जुने तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तिथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदराला जाई. उत्खननात तिथे विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि तिथले त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते असे अनेक अभ्यासक मानतात. गाडीवान, विणकर, भिक्खू, समुद्रापलीकडचे व्यापारी. याहून चांगला खेळ कोणता? आपली मुले संगणक शिकत आहेत. त्यांतला कोणी उद्या हा खेळ करील, अशी आशा धरायला काय हरकत आहे?

आश्विन पौर्णिमेच्या रात्री सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी आमचा रस्ता भरून गेला होता. विहारात वर्षावासाची सांगता झाली, खीरदान झाले. घरी आल्यावर आम्ही मुलांना भिंतीवरच्या फोटोखाली बसवले आणि पत्र्याच्या पेटीची गोष्ट सांगितली. आडनाव कसे पुटपुटलो, फोटो कोणत्या कपड्यांखाली होता आणि पेटीतून काढून तो भिंतीवर लावला त्या दिवशी हात कसे थरथरले, सगळे सांगितले. धाकटीने दोन-तीन प्रश्न विचारले. थोरला काही बोलला नाही, फोटोकडे पाहत राहिला.

खेळातले नाव त्याने बदलले की नाही, ते आम्ही अजून विचारलेले नाही.

जयभीम!