चांदीचं उठणं

गाय उठते ती मागून. गुडघ्यांवर येते, मान पुढे झोकते, मागचं धड उचलते आणि मग पुढचे पाय टाकते. घोडं उलटं उठतं. आमची चांदी घोड्यासारखी उठायची. ‘खोड आहे तिची,’ आबा म्हणायचे, आणि बरीच वर्षं मीही तेच धरून चाललो.

तीर्थपुरीचा हा सगळा पट्टा गोदाकाठचा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला आणि गव्हाणीत कडब्याच्या जागी वाढं पडू लागलं. त्याआधी घरात आजीची देवणी होती. अंगावर पांढऱ्यात काळे ठिपके असले की त्या देवणीला शेवरा म्हणतात, म्हणून ती शेवरी. गळ्याखाली सैल पोळी, आखूड केस. भर उन्हात बाभळीखाली निवांत रवंथ करायची. दूध मात्र घरापुरतंच.

चांदी होल्स्टिनच्या संकराची. रक्त हॉलंडच्या गारव्यातलं आणि डोक्यावर आमचा पत्रा! मे महिन्यात पत्रा तापला की धापा टाकायची, लाळेच्या तारा लोंबायच्या. मग तिनं आपलं वेळापत्रकच फिरवलं. दिवसभर वैरणीला तोंड लावायचं नाही, बसायचं नाही, नुसतं उभं राहायचं. खायचं ते रात्री. ‘रात्रीची कुठं खादाडी करती,’ म्हणून माय करवादायची. खाल्लेला चारा पोटात आंबताना उष्णता होते, ती चांदी गार वेळेवर ढकलत होती. सकाळी दूध कमी पडलं की बोलणी मात्र तिलाच.

2013 चा दुष्काळ तिनं छावणीतल्या उसावर काढला. पुढच्या वेताला, व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी, मान कुशीत वळवून बसली ती उठेना. कान गार. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम लावलं. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते म्हणाले. हळूहळू सवय लावली तर गाईच्या पोटातले जंतू ते फोडायला लागतात, पण कॅल्शियम ते धरून ठेवतंच. तेव्हापासून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची आणि आंबोणात खनिज मिश्रण टाकायचं, असं ठरलं.

तासाभरानं चांदी उठली. पुढचे पाय आधी.

‘ही नेहमी अशीच उठते?’

‘खोडच आहे तिची,’ आबा.

डॉक्टरांनी दावं ओढून दाखवलं. हातभर दावं, समोर गव्हाणीची भिंत. मान झोकायला जागाच नव्हती. गुडघ्यांवरची सूज आम्ही रोज बघायचो. कोबा घासतो म्हणून तिच्यावर हळद-तेल लावायचो.

आबा त्यावर काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांत लिंबाखाली बांबूंचं आवार बांधलं, दावं काढलं. मुक्त गोठा हा शब्द आमच्याकडे पुढं आला. तेव्हा शेजारी विचारायचे, ‘गाय मोकळी सोडून दूध कसं काढता?’ चांदीच्या गुडघ्यांची सूज उतरली, खुरं सावरली. दुपारी लिंबाखाली बसून रवंथ करायला लागली, शेवरीसारखी. उठणं मात्र मरेपर्यंत तेच, पुढून.

तिची शेवटची कालवड त्या आवारातच झाली. ती लहानपणापासून मागून उठायची. आजी ओट्यावरून बघायची आणि म्हणायची, ‘आईचं बघून शिकली न्हाई बघ ही.’